निळ्या-पांढऱ्या चिनी ताटामागचे गिऱ्हाईक

निळ्या नक्षीच्या जुन्या चिनी भांड्यांचा विषय निघाला की बोलणे बहुधा चित्रांवर येते. ड्रॅगनच्या पंजाला नखे किती, कमळाची वेल कोणत्या काळातली, पुलावरची माणसे कोण, अशी चर्चा रंगते आणि ती रंगावी इतकी ती चित्रे देखणी असतात यात वाद नाही. मला मात्र या भांड्यांचा घेर, खोली आणि काठ यांतून जास्त कळते असे वाटत आले आहे. माती चीनची, भट्टी चीनची, कुंचला धरणारा हातही चीनचा; पण ते ताट केवढे असावे आणि त्याला काठ कसा असावा हे पुष्कळदा हजारो मैल दूर बसलेल्या कोणाच्या तरी पंगतीने ठरवलेले असते. संग्रहालयातल्या कपाटासमोर उभे राहून "हे कोणाच्या जेवणासाठी घडले?" एवढा एकच प्रश्न विचारायची सवय लागली की सारखी दिसणारी भांडी भराभर वेगळी होऊ लागतात.

आधी घडणीविषयी. दक्षिण चीनमधल्या च्यांगशी प्रांतातले चिंगदेचेन हे या भांड्यांचे माहेर. तिथल्या डोंगरांत दोन गोष्टी सापडतात: एक विशिष्ट प्रकारचा दगड, जो कुटून, धुऊन, विटांच्या आकारात थापून कारखान्यांना पुरवला जाई, आणि दुसरी केओलिन नावाची पांढरी माती, जिला जवळच्याच एका खेड्याचे नाव मिळाले आहे. दोन्ही मिसळून घडवलेले भांडे सुमारे १३०० अंश सेल्सियसला भाजले की दगड वितळून मातीला घट्ट धरतो, भांडे काचेसारखे एकजीव होते आणि पातळ असेल तर त्यातून उजेड झिरपतो. निळा रंग कोबाल्टच्या खनिजाचा. तो कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर कुंचल्याने लावतात, वरून झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढवतात आणि मग एकाच भाजणीत सगळे पक्के होते. कच्ची माती टिपकागदासारखी रंग शोषून घेते, त्यामुळे एकदा टेकवलेला कुंचला मागे घेता येत नाही; शिवाय रंगवताना ते खनिज मळकट काळसर दिसते आणि निळाई भट्टीतून बाहेर आल्यावरच प्रकट होते. म्हणजे चित्रकार आपल्या रंगाची छटा डोळ्यांनी न पाहताच काम करीत असे.

सुरुवातीच्या काळातला उत्तम कोबाल्ट इराणमधून येई. काशान शहराजवळच्या कमसर गावच्या खनिजाचा उल्लेख तिथल्याच एका कुंभार घराण्यातल्या लेखकाने १३०१ मध्ये करून ठेवला आहे. या खनिजात लोहाचे प्रमाण जास्त असल्यामुळे रंग जिथे दाट बसला तिथे झिलईतून वर येणारे काळसर ठिपके दिसतात. तिरप्या उजेडात पाहिले तर त्या जागी पृष्ठभाग किंचित दबलेला जाणवतो. पुढच्या शतकांतल्या नकलकारांनी हे ठिपके मुद्दाम कुंचल्याने टिंबे देऊन काढायचा प्रयत्न केला, पण ती टिंबे रेषेच्या बाहेर, नको तिथे, फार शिस्तीत बसलेली असतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चिंगदेचेनमध्ये राहिलेल्या दांत्रकोल या फ्रेंच पाद्र्याने १७१२ आणि १७२२ मध्ये मायदेशी सविस्तर पत्रे धाडली. एकेक भांडे पुरे होईपर्यंत सत्तर जणांच्या हातांखालून जाते असे तिथे म्हणत, हे त्याने नोंदवले आहे. काठाखालचे पहिले वर्तुळ आखणारा वेगळा, फुलांची बाह्यरेषा काढणारा वेगळा, तीत रंग भरणारा आणखी वेगळा. त्यामुळे या ताटांवर कलावंताची सही शोधणे व्यर्थ आहे.

आता गिऱ्हाइकांकडे वळू. चौदाव्या शतकातली, म्हणजे मंगोल युआन राजवटीतली जी मोठी ताटे आज उरली आहेत त्यांचा व्यास चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर आहे. चिनी जेवणात प्रत्येकाच्या हातात वाडगा आणि मध्ये बेताच्या थाळ्या असतात. एवढ्या परातीएवढ्या ताटाचे तिथे काम नव्हते. ते काम होते इराण, इराक आणि त्यांच्या पलीकडच्या मुलखांत, जिथे भाताचा ढीग मध्ये ठेवून सभोवती बसलेली माणसे एकाच थाळ्यातून जेवत. त्या ताटांवरची नक्षीसुद्धा एकात एक वर्तुळांच्या पट्ट्यांत दाटीवाटीने भरलेली आहे, तिथल्या धातूच्या तबकांवर असते तशी. चिनी रसिकांना हा थाट सुरुवातीला मुळीच रुचला नव्हता. १३८८ मध्ये तयार झालेल्या एका चिनी ग्रंथात, जुन्या वस्तूंची पारख कशी करावी हे सांगताना, निळ्या-पांढऱ्या भांड्यांना सरळ गावंढळ म्हटले आहे. पुढे युआननंतर आलेल्या मिंग घराण्याच्या दरबाराने तीच भांडी उचलून धरली, शाही कारखाने उभारले आणि आज चीन म्हटले की जगाला हीच भांडी आठवतात. व्यापाऱ्याच्या मागणीने आधी माल घडावा आणि मागून तो देशाची ओळख व्हावा, याचे याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

या सगळ्याचा परिणाम असा की युआन काळातले उत्तम नमुने पाहायचे तर चीनपेक्षा पश्चिमेकडे जावे लागते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात उस्मानी (ऑटोमन) सुलतानांनी जमवलेली दहा हजारांहून अधिक चिनी भांडी आहेत. इराणच्या शाह अब्बासने १६११ मध्ये आपल्या घराण्याच्या अर्दबील येथील दर्ग्याला ११६२ चिनी भांडी अर्पण केली. त्यांपैकी बरीचशी आता तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. दिल्लीतही, फिरोजशाह तुघलकाच्या राजवाड्याच्या परिसरात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युआन ताटांच्या फुटक्या तुकड्यांचा मोठा साठा सापडला.

एका ताटाची कथा तर प्रवासवर्णन म्हणूनच वाचावी. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये घडलेले, मध्यभागी द्राक्षांचे घोस असलेले हे ताट इराणच्या शाह तहमास्पची बहीण महीन बानू हिच्याकडे होते. ते तिने धर्मादाय दिल्याचा लेख त्यावर कोरलेला आहे. नंतर ते मोगलांकडे आले आणि तळाच्या कड्यावर शाहजहानचे नाव आणि हिजरी १०५३, म्हणजे इ.स. १६४३-४४, हे साल कोरले गेले. झिलई काचेइतकी कठीण असते. तिच्यावर हिऱ्याच्या टोकाने टिंबाशेजारी टिंब ठोकत अक्षरे उमटवावी लागतात आणि एक ठोका जास्त पडला तर ताट दुभंगते. दोन राजघराण्यांनी ही जोखीम एकाच ताटावर पत्करली, यावरून त्याची किंमत लक्षात यावी.

या भांड्यांचा काळ ठरवायला अभ्यासकांना जो पक्का आधार मिळाला त्याचा संबंध मुंबईशी आहे. १३५१ हे साल स्पष्ट लिहिलेल्या, एका ताओपंथी मंदिराला अर्पण केलेल्या दोन उंच फुलदाण्या आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्या डेव्हिड फुलदाण्या म्हणून ओळखल्या जातात. ज्यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात ते सर पर्सिव्हल डेव्हिड १८९२ मध्ये मुंबईत जन्मले; मुंबईतले बगदादी ज्यू उद्योगपती आणि बँक ऑफ इंडियाचे एक संस्थापक सर ससून डेव्हिड यांचे ते चिरंजीव. दोन फुलदाण्या वेगवेगळ्या मालकांकडे होत्या आणि त्यांनी त्या मिळवून पुन्हा जोडी जुळवली. त्यांचा सुमारे १७०० वस्तूंचा संग्रह २००९ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये उसनवार मांडलेला होता आणि २०२४ मध्ये तो कायमचा देणगीदाखल दिल्याचे जाहीर झाले. कापसाच्या व्यापारातून मुंबईत उभ्या राहिलेल्या पैशाने चिनी कलेच्या कालगणनेची खुंटी रोवली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

पोर्तुगीज आल्यावर मामला बदलला. त्यांना चिनी भांडी हवी होतीच, पण आपल्या खुणांसह हवी होती. सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राजा मानुएलचे राजचिन्ह असलेल्या ज्या झाऱ्या बनल्या त्यांतल्या काहींवर ते चिन्ह चक्क उलटे रंगवलेले आहे. कारागिराला ते काय आहे हे माहीत असण्याचे कारणच नव्हते. नमुन्याचा कागद ज्या बाजूने हाती आला त्या बाजूने त्याने उतरवला. पोर्तुगालमधल्या बेजा येथील संग्रहालयातल्या एका वाडग्यावर 'पेरो द फारियाच्या काळात, १५४१' अशा अर्थाचा पोर्तुगीज लेख आहे. हा फारिया मलायातल्या मलाक्का या पोर्तुगीज ठाण्याचा कप्तान होता. लिस्बनच्या सांतुस राजवाड्यातल्या एका लहानशा दालनाचे निमुळते छत अडीचशेहून अधिक चिनी ताटांनी मढवलेले आहे, म्हणजे जेवणाची ताटे थेट छताला गेली. या सगळ्या मालाचा मोठा भाग गोव्यावरून जात असे. जुन्या गोव्यातल्या उत्खननात चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळाल्या आहेत आणि चांदोरच्या मेनेझिस ब्रागांझा वाड्यात आजही जुनी चिनी भांडी पाहायला मिळतात. तिथे गेलात तर झुंबरांकडे आणि लाकडी खुर्च्यांकडे सगळेच पाहतात. थोडा वेळ भांड्यांच्या कपाटासाठी राखून ठेवावा.

डचांचा प्रवेश लुटीने झाला. १६०३ मध्ये सिंगापूरजवळ त्यांनी सांता कातारीना हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यातली सुमारे एक लाख चिनी भांडी पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला लिलावात काढली. पोर्तुगीजांच्या कॅरॅक जातीच्या जहाजांवरून या प्रकाराला डच लोक क्राक म्हणू लागले असे मानतात. क्राक ताट ओळखणे अगदी सोपे आहे: मध्ये हरीण किंवा पाणपक्षी, आणि काठापर्यंत पाकळ्यांसारखे पाडलेले कप्पे, ज्यांत एकाआड एक फुले आणि शुभचिन्हे असतात. अंगाने ती पातळ, वाजवली तर खणखणीत, आणि काठाची झिलई जागोजागी सुटून बारीक दात पडलेली. घाईने, गठ्ठ्याने, परदेशासाठी काढलेला माल आहे हे लपत नाही, तरी त्यातल्या हरणाच्या पाठीची रेषा पाहिली की घाईतही हात किती तयार होता ते दिसते.

पण चिनी खोल थाळ्यांतून डच माणसाला त्याच्या पद्धतीने जेवता येईना. त्याला सपाट तळाची, रुंद आडव्या काठाची ताटली हवी होती, कारण त्याचे मांस ताटलीतच सुरीने कापले जाणार आणि काठावर मीठ किंवा मोहरी ठेवली जाणार. १६३५ मध्ये फोर्मोसा, म्हणजे आजच्या तैवानमधल्या डच कोठीने चिनी व्यापाऱ्यांकडे लाकडाचे नमुने सोपवले. ताटल्या, वाडगे, पेले असे सगळे लाकडातून कातून घडवून, वर चिनी चित्रे रंगवून, "असे करून द्या" म्हणून दिले. मला हा सगळ्या कहाणीतला मोक्याचा क्षण वाटतो. तोवर खरेदीदार घडलेल्यातून निवडत होता. आता आपले टेबल त्याने चिंगदेचेनला धाडून दिले. १६४४ मध्ये मिंग सत्ता कोसळल्यावर चीनमधला पुरवठा आटला तेव्हा हीच मागणी डचांनी जपानच्या आरिता गावाकडे वळवली, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची अक्षरे मध्यभागी असलेली निळी-पांढरी ताटे तिथे बनू लागली.

मागणी किती वाढली होती याचा हिशेब एका बुडालेल्या जहाजाने राखून ठेवला आहे. चीनहून हॉलंडकडे निघालेले गेल्डरमाल्सन जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आदळून बुडाले. ११२ जणांपैकी ३२ जण वाचले. त्याच्या मालयादीत १७१ संपूर्ण जेवणाचे संच होते आणि चहाच्या पेल्या-बश्या ६३,६२३. ही भांडी कंपनीच्या लेखी दुय्यम माल होती. खरी कमाई चहाची. भांड्यांना ओल लागत नाही आणि ती जड असतात, म्हणून तळाला भांड्यांची खोकी रचून वर चहाच्या पेट्या ठेवत. जहाज बुडाल्यावर तोच चहा कुजून भांड्यांभोवती जाड थर झाला आणि त्या थराखाली झिलई दोनशेहून अधिक वर्षे शाबूत राहिली. १९८५ मध्ये बुडालेल्या जहाजांतला माल काढणारे मायकल हॅचर यांनी तो साठा वर काढला आणि १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचा लिलाव झाला तेव्हा खरेदीदारांची अक्षरशः झुंबड उडाली. माल निघाला, पण जहाजाचे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले नाही, हे मला आजही खटकते. कोणता संच कोणत्या पेटीत, कशाशेजारी होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

त्या चहाच्या पेल्यांना कान नव्हते. चिनी माणूस कोमट हिरवा चहा पेला दोन बोटांत धरून पीत असे. युरोपी माणूस उकळता काळा चहा बशीत ओतून पिऊ लागला, म्हणून त्या काळातल्या बश्या चांगल्या खोलगट आहेत. बशीने चहा पिणाऱ्या आपल्या पिढ्यांना कोणी हसले तर त्यांना एखादी अठराव्या शतकातली बशी दाखवावी.

इंग्लंडमध्ये या मालाची नक्कल करण्याची खटपट बरीच आधी सुरू झाली होती आणि १७८४ च्या सुमारास तिथला भांडी-कारखानदार जोसाया स्पोडने साध्या मातीच्या भांड्यांवर झिलईखालच्या निळ्या छापाची रीत नीट बसवली. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून चित्र पातळ कागदावर घ्यायचे आणि तो कागद भांड्यावर दाबायचा. कुंचल्याचे काम संपले, भांडी स्वस्त झाली आणि १७९१ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची मोठी आयात थांबवली. मुंबईच्या चोर बाजारात 'जुनी चायना' म्हणून जी ताटली दाखवतात ती बहुतेक वेळा याच वंशातली, वाकलेला विलो वृक्ष, पुलावरची तीन माणसे आणि आकाशातले दोन पक्षी असलेली असते. या चित्राला जोडलेली प्रेमिकांची दर्दभरी कथा इंग्लंडमध्येच रचली गेली आणि १८४९ मध्ये तिथल्या एका मासिकात छापली गेली. चीनला तिचा पत्ता नव्हता. ही ताटली छापील आहे हे ओळखायला काठावरची नक्षी बोट फिरवत पाहावी. कुठेतरी कागदाची दोन टोके जुळलेली नसतात आणि वेल मध्येच तुटून पुन्हा सुरू होते.

आपल्याकडे ही भांडी कोणाच्या घरी होती? विजापूरच्या आसार महालातली आदिलशाहीच्या काळातली चिनी भांडी तिथल्या गोल घुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत. मुंबईत चीनच्या कँटन बंदराशी व्यापार करणाऱ्या पारशी कुटुंबांच्या घरात चिनी ताटांचे संच आले. टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडलेली आहेत. सोवळे पाळणाऱ्या मराठी घरात मात्र मातीचे भांडे जेवायला चालत नसे. तांबे, पितळ, चांदी घासून शुद्ध होते, माती होत नाही, हा नियम कितीही काचेसारख्या झिलईने वाकला नाही. माझ्या आजोळी लोणच्याच्या बरण्या कोठीत मानाने बसत आणि कपबश्या मात्र ओसरीवरच्या फडताळात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर असत. म्हणून "वाड्यात पेशवाईपासूनचा निळा डिनर सेट आहे" असे कोणी सांगितले तर मी आधी तळ पाहायला मागते.

तळावरची चिनी अक्षरे वाचून हुरळून जाऊ नये. सहा अक्षरे दोन उभ्या ओळींत, उजवीकडून वाचायची: पहिली दोन घराण्याची, मधली दोन बादशहाच्या कारकिर्दीची आणि शेवटची दोन 'साली बनवले' अशा अर्थाची. परंतु खांगशी बादशहाच्या कारकिर्दीतल्या (१६६२–१७२२) असंख्य भांड्यांवर दोनशे वर्षे आधीच्या चंगह्वा बादशहाचे नाव आढळते. त्यात फसवणुकीपेक्षा पूर्वजांविषयीचा आदर अधिक होता, शिवाय १६७७ मध्ये चिंगदेचेनच्या अधिकाऱ्याने चालू बादशहाचे नाव भांड्यांवर घालायला मनाई केली होती, कारण फुटलेल्या भांड्याबरोबर ते नाव उकिरड्यावर जाई. त्या काळातल्या कित्येक ताटांच्या तळाशी दोन निळी वर्तुळे आहेत आणि आत काहीच नाही. अक्षरांपेक्षा तळाचे कडे पाहावे: ते झिलईविना असते, तिथे उघडी माती दिसते, झिलई संपते त्या रेषेवर पुष्कळदा तांबूस कड येते, आणि शतकभर टेबलावर सरकलेले कडे बोटाला गुळगुळीत लागते. पुढच्या बाजूने ताटली उजेडात तिरपी धरली आणि झिलईवर सरळ, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे दिसले, तर तिथे सुरी चालली आहे आणि ताटली काटा-सुरीच्या पंगतीत बसली होती असे समजावे.

मागे धातूचे टाके दिसले तर नाक मुरडू नये. तडा गेलेल्या ताटाला मागून, तड्याच्या अलीकडे-पलीकडे अर्धवट भोके पाडून, तापवलेली पितळी पिन बसवून, ती थंड होताना आकसून तुकडे आवळले जातील अशी ही दुरुस्ती होती आणि ती करणाऱ्याने भोक पुढच्या बाजूला कधी जाऊ दिले नाही. अशी ताटली गरम पाण्यात बुडवू नये, भिंतीवर स्प्रिंगच्या तारेत अडकवू नये. बाजारभाव टाक्यांमुळे पडतो हे खरे, पण मला एखादे ताट निवडायला सांगितले तर मी अक्षत ताटापेक्षा टाके घातलेलेच घेईन, कारण ते कोणाला तरी टाकवले नव्हते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्या कायद्यानुसार, १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाखाली, खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी स्थायिक झालेल्या आणि सुट्टीत चोर बाजारात जाणाऱ्या वाचकांनी खरेदीआधीच लक्षात घ्यावे.